सवलतीचे रेल्वे कार्ड परवडते का? एका भागाकाराचा इतिहास

धागा. युरोपात शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिल्याच महिन्यात एक प्रश्न उभा राहतो : सवलतीचे रेल्वे कार्ड घ्यावे की नाही? अगोदर पैसे भरायचे आणि मग वर्षभर प्रत्येक तिकिटावर सूट मिळवायची. अनुभवी मित्र एक साधा भागाकार करून दाखवतात आणि प्रश्न तेथेच मिटतो.

या भागाकाराच्या मागे मात्र मोठा इतिहास आहे. त्यात एक फ्रेंच अभियंता आहे, मरू घातलेली अरण्ये आहेत, एका बँकेशी केलेला अंगाशी आलेला करार आहे आणि एका चुकलेल्या हिशेबापायी पद गमावलेले दोन बडे अधिकारी आहेत. आजचा धागा त्या इतिहासाचा, विशेषतः जर्मनीच्या ‘बानकार्ड’चा.

प्रथम तो भागाकार. १ ऑक्टोबर १९९२ रोजी जर्मनीत बानकार्ड विक्रीस आले. दुसऱ्या वर्गासाठी किंमत २२० मार्क, मुदत एक वर्ष, सवलत निम्म्या भाड्याची. कार्डाची किंमत भागिले सवलतीचे प्रमाण, म्हणजे २२० भागिले अर्धा : उत्तर ४४०. वर्षभरात पूर्ण दराने ४४० मार्कांहून अधिक तिकिटे काढणार असाल तर कार्ड घ्या, अन्यथा घेऊ नका. पाचवीच्या मुलालाही जमेल असे गणित.

गणितात चूक नाही. पण ते केवळ प्रवाशाच्या बाजूचे गणित आहे. रेल्वेने आपले निम्मे उत्पन्न असे हसत हसत का सोडावे, हे त्यातून कळत नाही. ते कळल्याशिवाय कार्ड खरोखर कोणाला परवडते हेही समजत नाही.

त्यासाठी १८४९ सालच्या फ्रान्समध्ये जावे लागेल. ज्यूल द्युपुई हा रस्ते व पूल खात्यातील अभियंता. पुलावरचा टोल किती असावा, या वरवर रुक्ष प्रश्नावर त्याने जे लिहिले, त्यातून अर्थशास्त्राची एक शाखाच पुढे उभी राहिली. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना तेव्हा छप्पर नसे. लोक म्हणत, कंपन्या कंजूष आहेत, गरिबांविषयी त्यांना दयामाया नाही.

द्युपुईचे म्हणणे निराळे होते. छपराला असा कितीसा खर्च येतो? कंपनीला गरिबाला छळायचे नव्हतेच. ज्याच्या खिशात दुसऱ्या वर्गाचे पैसे आहेत, तो स्वस्तात तिसऱ्या वर्गात जाऊन बसू नये, म्हणून त्याला घाबरवायचे होते. पाऊस गरिबाच्या डोक्यावर पडत होता, पण रोख होता मध्यमवर्गीयाच्या खिशावर.

या क्रौर्याचे मूळ रेल्वेच्या खर्चाच्या रचनेत आहे. रूळ, पूल, बोगदे, स्थानके यांचा खर्च गाडी भरून धावली काय किंवा रिकामी धावली काय, व्हायचा तो होतोच. रिकाम्या बाकावर आणखी एक प्रवासी बसला तर जादा खर्च जवळजवळ शून्य. भाडे सर्वांनाच स्वस्त केले तर रुळांचा खर्च निघत नाही, सर्वांनाच महाग केले तर बाके रिकामी जातात. म्हणून रेल्वेला जन्मापासून एकच चिंता : अधिक देऊ शकणाऱ्याकडून अधिक घ्यावे, कमी देऊ शकणाऱ्यालाही गाडीत बसवावे, आणि कोण कोणता हे ज्याचे त्याला आपणहून उघड करायला लावावे.

सवलत-कार्ड हे त्या बिनछपराच्या डब्याचे सभ्य वंशज आहे. वारंवार प्रवास करणारा आणि भाड्याचा विचार करणारा माणूस खिडकीवर येऊन कार्ड विकत घेतो. वर्षातून एकदा, तेही कंपनीच्या खर्चाने जाणारा साहेब घेत नाही आणि पूर्ण भाडे भरतो. कोणाला पावसात भिजवावे लागत नाही.

ही कल्पना जर्मनांची नव्हती. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये अर्ध्या भाड्याचे कार्ड १८९१ पासून होते. (त्याचे नाव ‘हाल्बटॅक्स’. येथे ‘टॅक्स’चा अर्थ कर नव्हे, तर दर किंवा भाडे. स्विस सरकार निम्मा कर माफ करते, असा समज करून घेऊ नये!) तेव्हा तेथील प्रमुख रेल्वेमार्ग खासगी कंपन्यांच्या ताब्यात होते. राष्ट्रीयीकरणाचा कौल जनतेने फेब्रुवारी १८९८ च्या सार्वमतात दिला आणि स्विस संघीय रेल्वेचा कारभार १९०२ मध्ये सुरू झाला. म्हणजे हे कार्ड त्या देशाच्या सरकारी रेल्वेपेक्षाही वयाने मोठे आहे.

जवळजवळ शतकभर ते एक मर्यादित सोय म्हणून राहिले. त्याला राष्ट्रीय सवय बनवले ते अरण्यांनी.

१९८० च्या दशकात मध्य युरोपात एका शब्दाने धास्ती पसरवली होती : ‘वाल्डश्टेर्बेन’, अरण्यमृत्यू. झाडांचे शेंडे झडत होते, आणि कारखान्यांच्या धुराबरोबर मोटारींच्या धुराकडेही बोट दाखवले जात होते. पुढे संशोधनाने ही भीती बरीच अतिरंजित ठरवली, पण त्या काळी ती खरी होती. त्यात १९८६ साल उजाडले. एप्रिलमध्ये चेर्नोबिल झाले, आणि १ नोव्हेंबरला बाझेलजवळ श्वाइत्सरहाले येथे सँडोझ कंपनीच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. विझवण्याच्या पाण्याबरोबर विषारी द्रव्ये ऱ्हाइन नदीत गेली, पाणी लाल झाले, मासे मेले.

याच वातावरणात १९८७ मध्ये हाल्बटॅक्सची किंमत एकदम उतरवून १०० फ्रँकांवर आणण्यात आली आणि त्यातून येणाऱ्या तुटीचा भार उचलण्यास संघसरकार पुढे आले. लोकांनी मोटार घरी ठेवून आगगाडीत बसावे, हा उघड हेतू होता. कार्डधारक झपाट्याने वाढले. आज त्या देशातील साधारण दर तिसऱ्या माणसाकडे हे कार्ड आहे.

१९८७ नंतर कार्डाचा प्रतिस्पर्धी बदलला, हे येथे ध्यानात घ्या. द्युपुईच्या काळी प्रश्न दुसऱ्या वर्गाचा की तिसऱ्या वर्गाचा, असा होता. आता प्रश्न होता गाडी की मोटार. आणि मोटारीशी लढताना रेल्वेची एक विचित्र अडचण होती.

मोटारीचा मालक प्रवासाला निघताना काय हिशेब करतो? फक्त पेट्रोलचा. मोटारीची किंमत, विमा, कर, दुरुस्ती हे सर्व त्याने आधीच भरलेले असते आणि ते तो विसरून गेलेला असतो. रेल्वेच्या तिकिटात मात्र इंजिन, डबे, रूळ, सिग्नल, स्टेशनमास्तरचा पगार असे सगळेच मिसळलेले असते. पेट्रोलची तुलना पूर्ण तिकिटाशी होते आणि रेल्वे हरते. तुलना अन्यायकारक आहे, पण माणूस ती तशीच करतो. आपणही करतोच की. पुण्याहून मुंबईला मोटारीने किती खर्च आला, असे कोणी विचारले तर आपण पेट्रोल आणि टोल सांगतो, मोटारीच्या कर्जाचा हप्ता सांगत नाही.

१९९० च्या सुमारास जर्मन रेल्वेला ही तुलना फार जड जात होती. पश्चिमेची ‘बुंडेसबान’ कर्जात बुडालेली. पूर्वेच्या ‘राइख्सबान’चे प्रवासी, एकीकरणानंतर आपली धुरकट ‘ट्राबांट’ सोडून पश्चिमेच्या मोटारी घेण्यात दंग. अशा वेळी बुंडेसबानच्या संचालक मंडळातील हेम्यो क्लाइन आणि किमतीच्या शास्त्रातील तज्ज्ञ हेरमान सिमोन यांनी जो उपाय पुढे आणला, त्याचे मर्म एका वाक्यात सांगता येते : रेल्वेच्या तिकिटाची रचना मोटारीसारखी करा.

म्हणजे असे. कार्डाचे २२० मार्क ही जणू मोटारीची किंमत. ती एकदा भरली की ते पैसे गेले, विसरले. त्यानंतर प्रत्येक प्रवासाचे निम्मे भाडे हे जणू पेट्रोल. आता शुक्रवारी संध्याकाळी घरी बसलेला माणूस पूर्ण तिकिटाची नव्हे, निम्म्या तिकिटाची पेट्रोलशी तुलना करणार. तो चार वेळा जास्त प्रवास करील, आणि ती बाके एरवी रिकामीच जाणार होती.

आपल्या भागाकाराची मर्यादा येथे दिसते. ‘मी वर्षात किती प्रवास करतो?’ ही संख्या त्यात ठरलेली धरलेली आहे. पण कार्ड नेमकी तीच संख्या बदलण्यासाठी निर्माण झालेले आहे. कार्ड हाती आल्यावरचा तुम्ही हा कार्ड घेण्यापूर्वीचा तुम्ही नसतो.

बानकार्डची आणखी एक खूण होती आणि पुढच्या वादळाचे बीज त्यातच आहे. सवलत सामान्य भाड्यावर होती. दिवस कोणताही, गाडी कोणतीही. चार दिवस आधी ठरवण्याची सक्ती नाही, ठरलेली गाडी चुकली तर दंड नाही. मनात आले की स्टेशनवर जावे आणि निघावे. जर्मन लोकांना निम्म्या भाड्याइतकाच हा मोकळेपणाही आवडला.

१९९५ मध्ये एक विनोदी म्हणावे असे प्रकरण घडले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. १९९४ च्या आरंभी दोन्ही रेल्वे एकत्र येऊन ‘डॉइचे बान’ ही कंपनी झाली होती आणि नव्या कंपनीला नव्या कल्पना सुचत होत्या. तिने सिटीबँकेशी करार केला आणि बानकार्डला व्हिसाच्या पतपत्राची जोड दिली. निम्म्या भाड्याचे कार्ड हवे तर बँकेच्या अर्जात आपली माहिती भरा, असा प्रकार! ती माहिती अमेरिकेत हाताळली जाणार हे कळताच लोक खवळले. दोन हुकूमशाह्यांच्या पाळतीचा अनुभव घेतलेला हा समाज. व्यक्तिगत माहिती हा तेथे कोरडा कायद्याचा विषय नाही. निमूटपणे साधे कार्ड पुन्हा उपलब्ध करावे लागले आणि काही वर्षांत ही भागीदारीही संपली.

ही झाली चुणूक. खरे वादळ आले २००२ मध्ये.

तेव्हा डॉइचे बानचे प्रमुख होते हार्टमुट मेडॉर्न, विमाननिर्मितीच्या उद्योगातून आलेले. प्रवासी वाहतुकीची सूत्रे क्रिस्टोफ फ्रांत्स यांच्याकडे होती. तेही पूर्वी लुफ्तान्सा या विमान कंपनीत होते. समोर स्वस्त विमानसेवांचे आव्हान उभे राहात होते. जर्मनविंग्जची उड्डाणे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. आणि शुक्रवार-रविवारी गाड्या तुडुंब, मंगळवारी दुपारी ओस, हे जुने दुखणे होतेच.

विमान कंपन्यांनी यावर उपाय काढलेला होता. आधी आरक्षण करणाऱ्याला स्वस्त, आयत्या वेळी येणाऱ्याला महाग. मग रेल्वेनेही तेच का करू नये? १५ डिसेंबर २००२ पासून नवी भाडेपद्धती लागू झाली. एक दिवस आधी ठरवले तर १० टक्के सूट, तीन दिवस आधी २५, सात दिवस आधी ४० टक्के. अट एकच : ठरलेली गाडी घ्यायची. बेत रद्द केला तर ४५ युरोंचा भुर्दंड. आणि निम्म्या भाड्याचे जुने बानकार्ड बंद. त्याऐवजी ६० युरोंचे नवे कार्ड, सवलत २५ टक्के.

आता आपला भागाकार पुन्हा करून पाहू, कारण येथे तो फार गमतीशीर उत्तर देतो. जुने कार्ड शेवटी सुमारे १४० युरोंना मिळत असे. १४० भागिले अर्धा म्हणजे २८०. नवे कार्ड : ६० भागिले एक चतुर्थांश म्हणजे २४०. म्हणजे नवे कार्ड जुन्यापेक्षा लवकर वसूल होत होते!

केवळ ‘परवडते का?’ एवढेच विचारले तर नवे कार्ड सरस ठरते. पण वर्षाला पूर्ण दराने १००० युरोंचा प्रवास करणाऱ्याचे काय? जुन्या पद्धतीत १४० अधिक ५००, एकूण ६४०. नव्या पद्धतीत ६० अधिक ७५०, एकूण ८१०. १७० युरोंचा फटका, आणि तोही रेल्वेच्या सर्वांत निष्ठावान प्रवाशाला. वसुलीचा बिंदू आणि खरा लाभ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला सांगतो की कार्ड कोठून फायद्याचे होऊ लागते. त्या बिंदूपुढे फायदा किती वेगाने वाढतो, हे त्याला माहीत नसते.

रेल्वेची बाजूही मांडली पाहिजे. लांब पल्ल्याचे मूळ भाडे तिने कमी केले होते. आईवडिलांबरोबरच्या १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत प्रवास दिला होता. शिवाय नवे कार्ड आगाऊ आरक्षणाच्या सवलतीला जोडता येई. ४० टक्क्यांच्या सवलतीवर आणखी २५ टक्के, म्हणजे १०० युरोंचे तिकीट ४५ युरोंना, निम्म्याहूनही स्वस्त. कागदावर सर्व ठीक होते. सात दिवस आधी बेत ठरवणाऱ्या, तो न बदलणाऱ्या, टक्केवारीची उतरंड पाठ असलेल्या माणसासाठी ही पद्धती उत्तमच होती.

पण रेल्वे म्हणजे विमान नव्हे. विमानाचा प्रवासी आठवडाभर आधी ठरवतोच, कारण त्याला दुसरा मार्ग नसतो. रेल्वेच्या प्रवाशाच्या दारात मोटार उभी असते आणि तिला आरक्षण लागत नाही. ज्या मोटारीशी बरोबरी करण्यासाठी हे कार्ड जन्माला आले होते, तिचा सर्वांत मोठा गुण, हवे तेव्हा निघण्याचा, तोच रेल्वेने आपल्या हाताने काढून टाकला होता. माझ्या मते १९९२ ची मूळ कल्पना दहा वर्षांत घरच्याच लोकांनी विसरावी, याचे यासारखे उदाहरण क्वचितच सापडेल.

व्हायचे तेच झाले. प्रवासी संघटना आणि ग्राहक संघटना तुटून पडल्या. खिडकीवरील कर्मचाऱ्यांनाही नियम समजावून सांगताना घाम फुटे. २००३ च्या पहिल्या महिन्यांत लांब पल्ल्याचे प्रवासी घटले आणि उत्पन्नही घटले. मेमध्ये फ्रांत्स आणि विपणनाची जबाबदारी असलेले संचालक हान्स-गुस्ताफ कोख यांना पद सोडावे लागले. (फ्रांत्स पुढे लुफ्तान्साचे प्रमुख झाले. विमानाची भाडेपद्धती विमानातच शोभते, असे कोणी म्हटले असल्यास नवल नाही.) मेडॉर्न मात्र २००९ पर्यंत खुर्चीवर राहिले.

१ ऑगस्ट २००३ रोजी निम्म्या भाड्याचे कार्ड परतले. पण जुन्या किमतीला नव्हे. आता दोन कार्डे होती : ‘बानकार्ड २५’, ५० युरो, आणि ‘बानकार्ड ५०’, २०० युरो. शिवाय वर्षभर अमर्याद प्रवासाचे ‘बानकार्ड १००’. जनतेचा विजय झाला खरा, पण त्याची पावती जनतेनेच भरली.

या दोन कार्डांतून निवड करताना बहुतेक लोक चुकत. आकडे पाहा. पंचवीस टक्क्यांचे कार्ड २०० युरोंच्या प्रवासावर वसूल होते, पन्नास टक्क्यांचे ४०० वर. वर्षाला ५०० युरोंचा प्रवास असेल तर दुसरे घ्यावे, असे वाटते. चूक! त्यासाठी २०० अधिक २५०, म्हणजे ४५० युरो पडतात. पहिल्या कार्डाने ५० अधिक ३७५, म्हणजे ४२५. मोठे कार्ड धाकट्याला मागे टाकते ते ६०० युरोंपुढे. (किमतींतील फरक १५०, सवलतींतील फरक एक चतुर्थांश. भागाकार करून पाहा.) प्रश्न ‘कार्ड की बिनकार्ड’ असा नसतो, ‘हे कार्ड की ते’ असा असतो.

आणि माणूस स्वतःविषयी नेहमी उदार अंदाज बांधतो. स्टेफानो देल्लाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अमेरिकेतील व्यायामशाळांच्या सदस्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मासिक वर्गणी भरणारे लोक इतके क्वचित जात, की त्यांना दर फेरीला १७ डॉलरांहून अधिक खर्च पडे. सुटी फेरी दहाच्या पुस्तिकेत १० डॉलरांना मिळत होती. जानेवारीतील आपला उत्साह आपण वर्षभराचा धरतो. रेल्वे कार्ड घेतानाही ‘या वर्षी दर महिन्याला घरी जाईन’ असेच मनात असते.

आता थोडे ब्रिटनकडे वळू, कारण ‘रेलकार्ड’ हा शब्द आपल्याकडे तेथूनच परिचित झाला. तेथील मार्ग जर्मनीहून वेगळा. जर्मन व स्विस कार्ड कोणीही विकत घ्यावे. ब्रिटिश रेलने मात्र तुम्ही कोण आहात, हे विचारले. विद्यार्थ्यांचे कार्ड १९७४ मध्ये आले, ज्येष्ठांचे लगोलग १९७५ मध्ये. ज्यांच्याकडे वेळ भरपूर आणि पैसा कमी, त्यांना रिकाम्या बाकांवर बसवायचे. तरुणांच्या कार्डाला सकाळच्या गर्दीच्या वेळी किमान भाड्याची अट असते, तीही यासाठीच. नोकरदाराने सवलतीत कामावर जाऊ नये. द्युपुईचे बिनछपराचे डबे आठवा.

१९९३ च्या कायद्याने ब्रिटिश रेल्वेचे खासगीकरण झाले, तेव्हा या कार्डांचे काय होणार ही भीती होती. कंपन्यांना तोट्यातल्या सवलती कशाला हव्यात? पण तरुण, ज्येष्ठ आणि अपंग या तिघांच्या सवलत-योजनांत कंपन्यांनी सहभागी व्हावे, याची तरतूद त्याच कायद्यात करण्यात आली. त्यामुळे ती कार्डे टिकली. जानेवारी २०१९ पासून २६ ते ३० वयोगटालाही कार्ड मिळाले. सवलत एक तृतीयांश. किंमत बराच काळ ३० पौंड होती, मार्च २०२५ पासून ३५ झाली. वसुलीचा बिंदू ९० पौंडांवरून १०५ वर सरकला. लंडनहून एडिनबराला एकदोनदा जाऊन येणाऱ्यालाही ते सहसा परवडते.

कायद्यात लिहिलेली सवलत आणि प्रशासनाने दिलेली सवलत यांतील फरक आपण भारतात पाहिला आहे. भारतीय रेल्वेत ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के सूट होती, कोणतेही कार्ड विकत न घेता. २० मार्च २०२० पासून, कोरोनाच्या प्रारंभी, ती थांबवण्यात आली. गाड्या पूर्ववत झाल्या, पण ती सूट परतली नाही.

आणि मुंबई? तेथे हा प्रश्न कोणी विचारतच नाही. लोकलचा पास हा सवलत-कार्डाचा चुलतभाऊ. फरक असा, की तो ठरावीक दोन स्थानकांपुरता बांधलेला असतो आणि त्यावर पुन्हा तिकीट काढावे लागत नाही. दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाचे मूल्य साधारण १५ एकेरी फेऱ्यांइतके. महिन्याला २५ दिवस कामावर जाणारा डोंबिवलीकर ५० फेऱ्या करतो. त्याचा पास आठव्या दिवशीच वसूल होतो. तिकिटाच्या रांगेतून सुटका होते ती वेगळीच.

जून २०१४ मध्ये रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांच्या काळात भाडेवाढ जाहीर झाली, तेव्हा हाच १५ चा आकडा ३० करण्याचे ठरले होते. पास एका फटक्यात दुप्पट! त्यावर मूळ तिकिटाची १४.२ टक्के वाढ निराळी. हिशेबाने पाहिले तर पास तरीही परवडलाच असता, ५० फेऱ्या ३० च्या दामात. पण घरखर्चाचा मेळ १५ फेऱ्यांच्या दामावर बसवलेल्या माणसाला तो युक्तिवाद कोण सांगणार? महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक काही महिन्यांवर होती. वाढ लागू होण्याच्या आदल्या दिवशी, २४ जूनला, निर्णय मागे घेण्यात आला आणि आकडा १५ वरच राहिला. बर्लिनला कार्ड परत यायला साडेसात महिने लागले होते. मुंबईला चार दिवस पुरले.

जर्मनीत शिकणाऱ्यांसाठी आजचा हिशेब पुन्हा बदललेला आहे. १ मे २०२३ पासून ‘डॉइचलांडटिकेट’ आले, महिन्याला ४९ युरो, देशभरातील सर्व स्थानिक व प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम. त्याची किंमत २०२५ च्या आरंभी ५८ झाली. ते वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही. तेव्हा वेळ असेल आणि चार ठिकाणी गाडी बदलण्याची तयारी असेल तर बानकार्डाची गरज नाही. म्युनिकहून हांबुर्गला एका दिवसात दमछाक न होता पोहोचायचे असेल तर आहे. आणि आगाऊ मिळणारी स्वस्त तिकिटेच घेणार असाल, तर धाकटे कार्ड बहुधा पुरे.

एक मात्र बदलले. ज्या प्लास्टिकच्या तुकड्यासाठी १९९५ मध्ये आणि २००३ मध्ये एवढे रण माजले, तो तुकडाच आता मिळत नाही. ९ जून २०२४ पासून बानकार्ड केवळ मोबाइलवर दिसते. ज्येष्ठांच्या आणि ग्राहकांच्या संघटनांनी पुन्हा तक्रारी केल्या. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांना आता त्याऐवजी छापील कागद जवळ बाळगावा लागतो.